एका रात्रीची जागल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



दरवर्षी या दिवशी मी तुमच्यातच सतरंजीवर बसलेली असते. भाषण करणारी बाई पुढे काय म्हणते याच्यापेक्षा चहाला दूध पुरेल ना, याकडे माझे लक्ष अधिक. यंदा चिटणीसबाईंनी मला न विचारताच कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव घातले. मी म्हटले, “अहो, मी सातवी पास बाई. मी काय बोलणार?” त्या म्हणाल्या, “तुम्ही नागपूरला जाऊन अंगाला तारा लावून झोपून आलात ना, तेच सांगा. गावात त्याच्यावर नाही नाही ते बोलले जात आहे.” तेव्हा, जे गावात बोलले जात आहे ते मीच बोलावे, म्हणजे खरे तरी बोलले जाईल, असा विचार करून मी उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या हृदयाचे दुखणे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांची असताना मला ताप आला होता आणि सांधे सुजले होते. आज गुडघा, उद्या कोपर, असे ते दुखणे फिरत असे. आधी घसा धरला होता, त्याकडे कोणी पाहिले नाही. घसा दुखणे हे काय दुखणे? परंतु घशातल्या त्या जंतूशी लढताना शरीर कधी कधी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर वार करते, हे मला फार उशिरा कळले. तेव्हाच नेमाने दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन मिळाले असते तर झडप वाचली असती. ते झाले नाही. त्या वर्षी शाळेचा खाडा पडला, कशीबशी सातवी झाली आणि पाटी कायमची ठेवली.

पुढे लग्न झाले, दोन मुले झाली. धाकटीच्या वेळी धाप फार लागली, तेव्हा कळले की हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आकसली आहे. २०१३ साली नागपूरला फुग्याने झडप मोकळी केली. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्या टोकाचा फुगा फुगवून चिकटलेली झडप उघडतात, आणि फुगा काढून घेतात. छाती फाडावी लागत नाही. जपानच्या डॉ. इनोऊ यांनी ही रीत १९८४ साली जगापुढे मांडली. मी त्यांना पाहिलेले नाही, पण माझ्या देवघरात त्यांना जागा आहे.

आठ-नऊ वर्षे बरी गेली. २०२२ साली नाडी वेडीवाकडी पळू लागली. ज्वारी पाखडताना सूप हातात तसेच राहावे आणि छातीत पाखरू फडफडावे, असे होई. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त पातळ करणारी गोळीही सुरू झाली, कारण नाडी अशी विस्कटली की हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांग होते. इथपर्यंत सगळे रीतसर होते.

त्यानंतर मात्र मला काय होते आहे ते मलाच समजेना. सकाळी उठले की डोके जड. आठ तास अंथरुणात काढले तरी वावरातून आल्यासारखे अंग मोडलेले. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठणे. कधी घुसमटून दचकून जाग येई, आणि वाटे की कोणी तोंडावर उशी दाबून धरली होती. दुपारी तांदूळ निवडता निवडता मान पडे. मंडळाच्या भजनात मी टाळ हातात धरून झोपले होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. तुम्ही हसलात, मीही हसले. परंतु मनात एकच भीती होती, की झडप पुन्हा बंद झाली. आता छाती फाडणार.

एका डॉक्टरांना दाखवले. त्यांचे नाव सांगत नाही. ते म्हणाले, “या वयात बायांना असेच होते. काळजी कमी करा.” झोपेची गोळी देऊ का, असेही विचारले. मी घेतली नाही ते बरे झाले. श्वास अडण्याचा विकार तपासून बघण्याआधी काही झोपेच्या गोळ्या घेतल्या तर घसा अधिकच सैल पडतो, हे मला पुढे कळले.

आता तुम्ही म्हणाल, रात्री काय होते हे घरच्यांना कळले नाही का? कसे कळणार! आमचे हे कार्तिकापासून संत्र्याच्या आणि तुरीच्या वावरात जागलीला असतात. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक लोळवतात, हे काय तुम्हांला सांगायला हवे? मुलगा हॉलमध्ये मोबाईल कानाला लावून झोपतो. मुलगी सेवाग्रामला नर्सिंग शिकते. सासूबाईंना कमी ऐकू येते. आणि आमचे घर महामार्गाला लागून, तेव्हा अमरावतीकडचे ट्रक रात्रभर असे धडधडत जातात की माणसाचा आवाज त्यात बुडतो. बाई सगळ्यांच्या मागून निजते आणि सगळ्यांच्या आधी उठते. तिची झोप पाहणारे घरात कोणी नसतेच.

पाहिली ती धाकट्या जावेने. आर्वीला पुतणीच्या लग्नात आम्ही दोघी एका खोलीत निजलो होतो. सकाळी पाहते तो ही डोळे तांबारून बसलेली. म्हणाली, “अवं बाई, तुमचा श्वासच बंद पडते ना! घोरता, घोरता, अन् एकदम चूप. मले त वाटलं, आता काही खरं नाही. मी तुम्हाले हलवाले उठली, तं तुम्ही फुर्रकन् पुन्हा सुरू.” सगळे वऱ्हाड हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुरुष घोरला तर ‘दमून आला आहे बिचारा’ म्हणतात. बाई घोरली तर तिची नक्कल होते. मी जावेला डोळ्यांनी खुणावले की आता पुरे. तीच मात्र ऐकेना. जायच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाली, “हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरले सांगा.”

मी सांगितले नाही. लाज वाटली. पुढल्या महिन्यात नागपूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी इको काढला आणि म्हणाले, झडप चांगली आहे, फुग्याचे काम टिकले आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू आले. झडप चांगली, तर मग मी अशी का? त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग यांच्याकडे पाहून विचारले, “या झोपेत घोरतात का? मध्येच श्वास थांबतो का?” हे जमिनीकडे पाहू लागले. म्हणाले, “मी रात्री वावरात असतो.” तेव्हा मला तोंड उघडावेच लागले. जावेचे बोल जसेच्या तसे सांगितले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. त्या कागदाकडे पाहून मला पहिल्यांदा वाटले, हे दुखणेच आहे.

आता हे दुखणे काय, ते मला समजले तसे सांगते. जागेपणी आपला घसा उघडा ठेवायला स्नायू काम करीत असतात. झोपेत ते सैल पडतात. ज्याचा घसा मुळात अरुंद, किंवा मान जाड, किंवा जीभ मागे पडते, त्याची श्वासाची वाट बुजते. छाती श्वास ओढते, पोट वरखाली होते, पण हवा आत जात नाही. ओल्या धोतराचा बोळा नळीच्या तोंडावर धरावा तसे. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. शेवटी मेंदू दचकतो, क्षणभर जागे करतो, घसा उघडतो, मोठ्याने श्वास सुटतो. आणि पुन्हा झोप, पुन्हा तेच. सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही.

हृदयाचे काय होते पाहा. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला तेवढीच सुटी. इथे दर दचक्याला रक्तदाब उसळतो, नाडी आधी मंदावते आणि मग धावत सुटते. बंद घशाविरुद्ध छाती ओढत असते त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणलेल्या कप्प्यांत नाडी विस्कटायला वेळ लागत नाही. माझी नाडी गोळ्यांनी ताळ्यावर येई आणि पुन्हा बिघडे, त्यात याचाही हात असावा, असे डॉक्टर म्हणाले. आणि ते रात्रीचे तीनदा उठणे? कप्पा ताणला की शरीराला वाटते अंगात पाणी जास्त झाले, म्हणून ते लघवी वाढवते. मी इतके दिवस संध्याकाळचे पाणी पिणे बंद केले होते!

भगिनींनो, आपण एक गंमत करू या. ज्यांना हृदयाचे दुखणे नाही आणि ज्या दोन जिवांच्या नाहीत, त्यांनी श्वास धरा. मी मोजते. दहा. इथे धरला की त्याला डॉक्टर ‘एक’ म्हणतात. दहा सेकंदांच्या आत थांबला तर तो मोजतच नाहीत. पंधरा. वीस. सुटला ना? आता असे तासातून पाच वेळांच्या आत झाले तर चालते. पाच ते पंधरा हलका विकार, पंधरा ते तीस मध्यम, आणि तिसाच्या पुढे जबर. माझा आकडा काय निघाला तो नंतर सांगते.

(येथे सभेतील बहुतेकींनी श्वास धरून पाहिला. — संपादिका)

तपासणी ठरली. एक रात्र दवाखान्यात निजायचे. खर्च नऊ हजार. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, “झोप पाहाले नऊ हजार? मी फुकट पाहून देतो तुही झोप.” त्यांचेही चुकले नाही. आमचा फुग्याचा इलाज योजनेतून झाला होता, पदरचे फार गेले नव्हते. ही तपासणी मात्र पदरच्या पैशांची. माझ्या मनात पैशांपेक्षा दुसरेच होते. परक्या खोलीत, रात्री, अंगाला तारा कोण लावणार? पुरुष असला तर? कॅमेरा असतो म्हणतात. मी घोरणार आणि तिकडे बसून कोणी ऐकणार. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. एकदा पाहुणे आले म्हणून, एकदा तुरीची काढणी म्हणून. दोन्ही निमित्तेच. तिसऱ्यांदा मुलीने सेवाग्रामहून फोन करून दवाखान्यात विचारले, की रात्री बाई असेल का. असेल म्हणाले. एवढा एक फोन मला तीन महिने सुचला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ची गोष्ट. दवाखान्याने आधी सांगितले होते: डोक्यावरून न्हाऊन या, केसांना तेल लावू नका, नखांना रंग नको, दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा नको, हृदयाच्या गोळ्या मात्र नेहमीच्या वेळी घ्या. तेल न लावता बाहेर पडणे मला उघड्या अंगाने निघण्यासारखे वाटले. परंतु केसांना तेल असले की डोक्यावरच्या चकत्या चिकटत नाहीत. दुपारच्या एसटीने कारंजा, कोंढाळी, बाजारगाव करीत हे आणि मी नागपूरला पोचलो. त्या रात्री यांनी जागलीला मुलाला पाठवले.

खोली साधीच. पलंग, पंखा, भिंतीवर लहानसा कॅमेरा. तारा लावणारी मुलगी भंडाऱ्याकडची, माझ्या मुलीच्या वयाची. तिने ‘काकू’ म्हटले आणि माझे अर्धे भय गेले. तिने लहान चकत्या लेप लावून डोक्यावर बसवल्या. दोन डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, छातीला, पोटऱ्यांना. नाकाखाली बारीक नळी, छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. मंगळसूत्र काढावे लागेल का, असे मी विचारले. ती म्हणाली, “नको काकू, चिकटपट्टीने बाजूला धरते.” तेवढ्यानेही मला बरे वाटले. मी तारा मोजल्या, बावीस झाल्या. आरशात पाहिले, तर वीजमंडळाचा खांब.

प्रत्येक तारेचे काम निराळे, ते तिने सांगितले. डोक्यावरच्या तारा सांगतात की मी खरेच झोपले की नुसती पडून आहे. आपल्या मेंदूची ही वीज कागदावर उतरवणारे पहिले डॉक्टर जर्मनीचे हान्स बर्गर. त्यांनी ते १९२४ साली केले. डोळ्यांच्या तारा सांगतात की स्वप्न चालू आहे का, कारण स्वप्नात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. आणि खरी मेख दोन पट्ट्यांत आहे. श्वास थांबला तेव्हा छाती-पोट हलत होते की नव्हते? हलत असेल तर घसा बुजला. हलतच नसेल, तर मेंदूने श्वासाचा हुकूमच दिला नाही. हा दुसरा प्रकार ज्यांचे हृदय फार अशक्त झाले आहे त्यांच्यात दिसतो. श्वास वाढत वाढत जातो, उतरत उतरत जातो, आणि थांबतो, झोके देणे सोडलेल्या पाळण्यासारखा. डब्लिनच्या डॉ. चेन यांनी तो १८१८ सालीच लिहून ठेवला. त्यावर कोणते यंत्र द्यावे यात फार जपावे लागते. एका खास यंत्राने अशा अशक्त हृदयाच्या रोग्यांचे हित न होता मृत्यू वाढले, असे २०१५ साली मोठ्या पाहणीत दिसले. तेव्हा शेजारणीला यंत्राने बरे वाटले म्हणून हृदयाच्या रोग्याने परस्पर यंत्र आणू नये. त्यासाठीच ही सारी रात्र आणि बावीस तारा.

मला वाटले होते झोप येणारच नाही, नऊ हजार पाण्यात. मुलीने सांगितले, सगळेच असे म्हणतात आणि सगळेच झोपतात. उताणे झोपा म्हणाली. साडेदहाला दिवा मालवला. पलीकडच्या खोलीत ती काचेवर डोळे लावून बसली. मला आमच्या यांची आठवण झाली. मचाणावर कंदील घेऊन असेच बसलेले असतात, पिकाला कोण शिवते ते पाहत. माझ्यासाठी कोणी असे रात्रभर बसले आहे, हे मला नवीनच होते. त्याच विचारात डोळा लागला असावा.

मध्ये लघवीला उठावे लागले. सगळ्या तारांचा जुडगा एका डबीतून सुटतो, ती डबी गळ्यात अडकवून जायचे. ती आली, सोडवले, पुन्हा जोडले. रात्री एकच्या सुमारास पुन्हा आली आणि म्हणाली, “काकू, डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे, फार वेळा श्वास थांबला तर उरलेल्या रात्री मास्क लावून पाहायचा.” नाकावर रबरी मास्क, त्याला सोंडेसारखी नळी. हवेचा झोत नाकात शिरला तेव्हा मी घाबरले, ओढून काढला. तिने घाई केली नाही. मास्क नुसता हातात धरून नाकाशी ठेवला, तोंड मिटून हळू श्वास घ्यायला लावला, पाच मिनिटांनी पट्टे बांधले. मग काय झाले ते मला सांगता येणार नाही, कारण मी झोपले. पाच वाजता तिने उठवले तर मी विचारले, “काय बिघडले?” डोके दुखत नव्हते, म्हणून मला वाटले काहीतरी चुकले आहे.

डोक्यातला लेप धुवायला तीन वेळा पाणी घ्यावे लागले, हेही सांगून ठेवते.

आठ दिवसांनी कागद मिळाला. तासाला अडतीस. सर्वांत लांब थांबलेला श्वास सत्तेचाळीस सेकंद. मघाशी आपण वीसला सोडला होता. प्राणवायू शंभरातला चौऱ्याहत्तरवर उतरलेला. छाती-पोटाचे पट्टे हलत होते, म्हणजे घसाच बुजत होता. मास्क लावल्यावर तासाला चार. यांनी तो कागद दोनदा वाचला आणि गाडी तिवसा फाट्यावर चुकावी तसे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “सत्तेचाळीस. अन् मी तिकडे डुकरं हाकलत होतो.”

मुलीने पुढे पुष्कळ वाचून सांगितले. चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाने १८३६-३७च्या कादंबरीत एक लठ्ठ पोरगा रंगवला आहे, तो काम करता करता घोरतो. त्यावरून डॉक्टरांनी १९५६ साली एका विकाराला नाव दिले. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ जग त्या पोराला हसतच होते. हवेच्या झोताचा इलाज सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीची यंत्रे घर झाडायच्या व्हॅक्यूमच्या मोटारीवर केली होती. आपल्या मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पाहणी छापली. पस्तीस ते पासष्ट वयाच्या लोकांत शंभरात साडेसात जणांना हा विकार त्रासासकट निघाला. चांगली पाहणी, पण तीत सगळे पुरुष. बायांत हे दुखणे निराळे बोलते. घोरणे कमी असेल, पण थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्रीची मोडलेली झोप, उदासपणा. पाळी जाण्याच्या सुमारास ते वाढते. आणि नेमके त्याच वयात आपल्याला सांगतात, काळजी कमी करा. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी वारले, तेव्हा झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराचे नाव वर्तमानपत्रांत आले होते. मीही वाचले होते. आपल्याला काय त्याचे, म्हणून तो कागद चुलीजवळ गेला.

आता यंत्र घ्यायचे होते. बेचाळीस हजार. घरात तेवढेच पैसे होते, आणि ते झटका मशीनसाठी ठेवले होते. वावराभोवती तार फिरवली की जनावर शिवत नाही, यांची जागल सुटणार होती. चार वर्षे साठवले होते ते. मी म्हटले, वावराचे आधी करा, मी इतके दिवस काढलेच आहेत. सासूबाई गप्प बसल्या होत्या. झोप फुकट पाहून देणाऱ्या त्याच सासूबाई म्हणाल्या, “डुकरानं खाल्लेलं पीक पुढच्या साली येते.” एवढेच. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

यंत्र आले. पहिल्या रात्री मास्क लावून बसले तर मुलगा म्हणाला, “आई, गणपती!” सासूबाईंनी खरोखर हात जोडले. महिनाभर मला ते सोसवेना. नाकाच्या दांड्यावर वळ उठला, तोंड कोरडे पडे, झोपेत कधी काढून फेकी ते कळत नसे. मास्कचे माप चुकले होते. ते बदलून घेतले तेव्हा जमले. मास्क रोज बाळाच्या बाटलीसारखा धुते, पाण्याच्या डब्यात उकळून गार केलेले पाणी घालते, आणि कापसाच्या दिवसांत जाळी आठवड्याला पाहते, कारण घरात कापूस साठवला की त्याची धूळ सगळीकडे जाते. वीज गेली तर मुलाने जुना इन्व्हर्टर जोडून दिला आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. मी डॉक्टरांना विचारले, आता माझे हृदय बरे होईल ना? ते म्हणाले, तसे वचन देत नाही. २०१६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सत्तावीसशेहून अधिक रोगी, आपल्या देशातलेही होते. ज्यांना हृदयाचे किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे आधीच होते, त्यांना यंत्र दिले, पण पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची गुंगी गेली, जगणे सुधारले, हे दिसले. मात्र ती माणसे रात्री सरासरी सव्वातीन तासच यंत्र लावत होती. तेव्हा गोळ्या सुटायच्या नाहीत, रक्ताची तपासणी सुटायची नाही, पण यंत्र लावायचे तर रात्रभर लावा. मला हे सरळ बोलणे आवडले. माझी नाडी अजून मधून मधून बिघडते. पण डोके हलके असते, रात्री एकदाच उठते, आणि या वर्षी भजनात टाळ माझ्या हातून पडलेला नाही.

तीन बायांनी मला घरी येऊन हळूच विचारले आहे. त्यांची नावे सांगणार नाही. एकीची झोप मी आणि तिच्या मुलीने पाहिली, मोबाईलवर आवाज धरला, आणि तो तिने डॉक्टरांना ऐकवला. तिची तारीख पुढल्या महिन्यात आहे. तिच्यासोबत रात्री जायला कोणी नाही, तर मीच जाणार आहे.

आमचे हे अजून जागलीला जातात. झटका मशीन यंदाच्या कापसावर ठरले आहे. पहाटे घरी आले की हातपाय धुण्याआधी यंत्राचा पडदा बघतात. तिथे रात्री किती तास लावले ते उमटते. पाचाच्या खाली असले की मला बोल लावतात. आज सकाळी सहा तास दहा मिनिटे होते.

हळदीकुंकवाला उशीर होतो आहे. मी बसते.